वाळूतला मुक्काम

फटफटी घेऊन गंगाकाठानं हिंडायचं खूळ सांबप्पाच्या डोक्यात कुठून शिरलं, हे परभणीत कुणालाच सांगता आलं नसतं. बाप चन्नबसप्पा कापडाचा व्यापारी, दुकानात राबायला माणसं, दारात छकडा. पण लढाईच्या दिवसांत जिनिंगमधला एक साहेब बदलून गेला, जाता जाता आपली जुनी फटफटी विकून गेला, आणि तेव्हापासून ‘पोरगं हातचं गेलं’ असं चन्नबसप्पा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागले. पेट्रोल मिळायची मारामार. तरी हा कुठून तरी डबा भरून आणायचा, मागं सतरंजी, पातेलं आणि फावडं बांधायचा, की निघाला. जिथं गाव नाही, सराई नाही, नेमकं तिथं जाऊन झोपायचं. घरी मऊ गादी असताना माणसानं वाळूत लोळायला जावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. गडी निर्मळ होता. विचारल्याशिवाय कुणाच्या जागेत पथारी टाकायचा नाही, कुणाच्या वेलावर चाक घालायचा नाही, उष्टं-खरकटं मागं ठेवायचा नाही. इतका निर्मळ, की थोडी घमेंडच होती त्याला त्याची.

माघाची थंडी होती. गंगाखेडच्या वरच्या अंगाला गंगेनं आपलं पात्र आवरून घेतलं होतं आणि दोन्ही बाजूंना पांढरी वाळू उघडी पडली होती. त्या वाळूत तानुबाईनं टरबुजाचे वेल लावले होते. दिवस मावळायच्या आत सांबप्पानं फटफटी दरडीवर उभी केली, खाली उतरून तानुबाईला मावशी म्हणून हाक मारली आणि रात्रीपुरती इजाजत मागितली.

तानुबाई म्हणजे वाळलेल्या बाभळीसारखी चिवट बाई. तिनं आधी फटफटीकडं पाहिलं, मग त्याच्या बुटांकडं, मग गळ्यातल्या लिंगाकडं. लिंग दिसलं तेव्हा जराशी निवळली.

"झोपा की आप्पा. गंगा काय माझ्या बापाची हाय?" ती म्हणाली. "पन उद्या सकाळी माझी सून इथूनच दंडवत घालीत जानार हाय म्हादेवाला. काटा, खडा, कायबी मागं ठिवू नका."

मग तिनं बसून सगळं सांगितलं. तिचा लेक मुंजाजी दिवाळीत मुदतीच्या तापानं आडवा पडला होता. वैद्यानं हात टेकले, घरच्यांनी तुळशीचं पान हाताशी ठेवलं. तेव्हा सून सुमननं नवस केला की धनी उठून बसला तर गंगेपासून काठावरच्या महादेवापर्यंत लोटांगणानं येईन. मुंजाजी उठला. आता तो काठी टेकत का होईना, वेलांत फिरत होता. नवस फेडताना बोलायचं नाही, वाकडं वळायचं नाही आणि मध्ये थांबायचं तर मुळीच नाही. सुमन मध्येच उठली आणि लेकाचा ताप परत फिरला तर काय करू, असं तानुबाई म्हणाली. त्या बाईला खरंच भीती वाटत होती, आणि ती तिनं लपवली नाही.

सांबप्पानं शब्द दिला.

पहाटे हात-पाय आखडले म्हणून त्यानं बाभळीची लाकडं पेटवली. शेकला, चहा केला, आंघोळ करून लिंगपूजा आटोपली. मग फावडं घेऊन कामाला लागला. खड्डा खोदला, सगळा विस्तव त्यात लोटला, वर वाळू ओढली आणि थोपटून सारखी केली. लिंबाचा डहाळा तोडून आणला आणि पाण्यापासून दरडीपर्यंत रुंद पट्टाच्या पट्टा झाडून काढला. काटे वेचले, शिंपले वेचले, स्वतःच्या पावलांचे ठसेसुद्धा मागं सरत सरत पुसून टाकले. दरडीवर चढून त्यानं वळून पाहिलं. इथं कुणी माणूस राहून गेला असं कुणाच्या बापाला कळलं नसतं. सांबप्पा स्वतःवर भारी खूश झाला आणि किक मारून गंगाखेडच्या वाटेला लागला.

गंगाखेडात वेशीजवळ एक भडभुंज्या बसला होता. फुटाण्यांचा वास सुटला होता, म्हणून सांबप्पा थांबला. भडभुंज्याची भट्टी विझलेली. वाळूची कढई त्यानं कधीचीच खाली उतरवून ठेवली होती आणि तो सावकाश पुड्या बांधत होता. कढईतल्या वाळूत एक चुकार फुटाणा राहिला होता. गमतीनं तो उचलायला सांबप्पानं वाळूत बोटं घातली आणि चटका बसून हात झटकला.

भडभुंज्या हसला. इस्तू कवाच इझलाय, पन वाळू कुठं सोडती, असं काहीसं तो म्हणाला आणि पुडी पुढं केली.

सांबप्पानं पुडी घेतली नाही. तो त्या कढईकडं बघत राहिला. विस्तव नसताना ही वाळू अशी, तर बाभळीच्या लाल निखाऱ्यांवर घातलेली वाळू कशी असेल? त्यानं निखारे विझवले नव्हते. पाण्याचा थेंब घातला नव्हता. नुसते झाकले होते. आणि झाकले ते असे झाकले की कुणाला दिसू नयेत, आणि ज्या वाटेनं एक बाई छाती, हात आणि तोंड टेकत जाणार होती ती वाट झाडून, काटे वेचून तिच्यासाठी तयार करून ठेवली होती.

"अरे देवा," तो स्वतःशीच म्हणाला आणि फटफटीकडं धावला.

तीच वाट सकाळी अर्धी वाटली होती, आता संपता संपेना. बैलगाडीची चाकोरी, काळ्या मातीची ढेकळं, मध्येच नाला. कडब्याची एक गाडी पुढं आडवी चालली होती. गाडीवानाचे बैल फटफटीच्या आवाजानं बुजले, त्यानं शिव्या हासडल्या, सांबप्पानं फटफटी थेट तुरीच्या धसकटांत घातली. धसकटांत चाक अडलं, गडी फटफटीसकट आडवा झाला, गुडघा फुटला. उठून पुन्हा किक मारली, ती लागेना. पुन्हा मारली, लागेना. एरवी या यंत्राला लेकराच्या वरताण जपणारा माणूस, पण त्या घटकेला त्यानं तिला अशा शिव्या दिल्या की चन्नबसप्पांनी ऐकल्या असत्या तर घरात घेतलं नसतं. शेवटी ती सुरू झाली. दूरवर हलगी वाजायला लागली होती.

दरडीवर येऊन त्यानं खाली पाहिलं.

पंधरा-वीस माणसं होती. पुढं हलगीवाला, बाजूला बाया, काठी टेकत मुंजाजी, आणि मधे ओल्या लुगड्यातली सुमन. आडवी व्हायची, हात लांब करायची, हात पोचतील तिथं हातातला गोटा ठेवायची, उठून त्या गोट्यापाशी उभी राहायची, परत आडवी. पाणी बरंच मागं पडलं होतं. आणि चालली होती ती बरोबर त्या झाडलेल्या पट्ट्यातून. एवढ्या मोठ्या वाळूत दुसरी वाट धरायला कुणाला काय पडलं होतं? सकाळी तो पट्टा बघून तानुबाईच सगळ्यांना म्हणाली होती, पोरानं बगा कशी आपल्यासाठी वाट झाडून ठिवली.

सांबप्पा ओरडत खाली धावला. हलगीच्या आवाजात कुणाला काही कळेना. बूट घालून दंडवताच्या वाटेत घुसलेला माणूस बघून दोघं अंगावर आले, एकानं तर बखोट धरलं. धापा टाकत त्यानं तानुबाईला सांगितलं. निखारे आहेत. वाळूखाली. मीच पुरले.

हलगी थांबली.

"कुठं हायत?" तानुबाईनं विचारलं.

सांबप्पानं वाळूकडं पाहिलं. सारखी, गुळगुळीत, पांढरीशुभ्र वाळू. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खूण म्हणून काडी नाही, राखेचा कण नाही. "मावशी, कळेना मला," तो म्हणाला. "इथंच कुठंतरी."

बायांत गलबला झाला. एकजण म्हणाली सुमनला उठवा, दुसरी म्हणाली वाट बदला, कुणी पाणी आणायला धावलं. पण कोरडी वाळू ती. घागर ओतावी आणि बघता बघता थेंब दिसेनासा व्हावा. एवढ्या पट्ट्याला किती घागरी पुरणार? मुंजाजी बायकोजवळ वाकून म्हणाला, उठ, सोड तो नवस, माझं काय व्हायचं ते होईल. सुमननं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं. मग गोट्यापाशी उभी राहिली, हात जोडले आणि पुन्हा आडवी झाली. हात पुढं, कपाळ वाळूत.

आत्तापर्यंत अहो-जाहो करणारी तानुबाई सांबप्पाच्या छातीला बोट लावून म्हणाली, "ती थांबनार न्हाई. तू पुरलंस, तूच काढ."

फावड्यानं खणायला गेलं तर कुठवर खणणार? सांबप्पानं बूट काढले. मोजे काढून फेकले. जन्मात कधी अनवाणी चाललेला माणूस नव्हे तो; दुकानाच्या पायरीवरसुद्धा वहाण लागायची. मऊसूत तळवे त्या वाळूत रोवत तो सुमनच्या पुढं चालू लागला. पाय उचलायचा नाही, घासत, खुपसत न्यायचा. डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. वरची वाळू गार, आतली वाळू त्याहून गार. मागं गोटा ठेवल्याचा आवाज यायचा, ओलं लुगडं सपकन वाळूवर पडायचं आणि ती एका अंगाएवढी पुढं सरकलेली असायची. त्याला मागं बघायचा धीर होईना. माणसाला नको त्या वेळी नको ते आठवतं, तसं त्याला आठवलं की सकाळी वाळू थोपटताना आपण शीळ घालत होतो.

पाय घासला. गार. पुन्हा घासला. जरा कोमट, की भास? हात लावून पाहिलं, ऊनच पडलं होतं तिथं. मागं सुमनचा श्वास ऐकू यायला लागला, इतकी ती जवळ आली. मुंजाजी रडत होता, ते तेवढं ऐकू येत होतं.

डाव्या पायाखालची वाळू एकाएकी ढिली लागली आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला.

ती कळ कशी होती ते सांगायला तुमच्या-माझ्याजवळ शब्द नाहीत, बाबांनो, आणि देव करो नसोतच. पाय वर ओढला असता तर वाळू ढासळून जागा पुन्हा मिटली असती. सांबप्पानं पाय काढला नाही, गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी भोवतालची वाळू उकरली, लाल निखारे उघडे पडले आणि मगच तो बाजूला कोसळला. तानुबाईच्या कडेवर अभिषेकासाठी गंगेतून भरून घेतलेली घागर होती. ती तिनं सगळीच्या सगळी त्या खड्ड्यात रिकामी केली. चर्र आवाज झाला, राख उडाली, वाफ वर गेली. बाकीच्या बायांनीही असतील नसतील तेवढ्या घागरी ओतल्या.

सुमन गोट्यापाशी येऊन उभी राहिली. समोर काळा, ओला खड्डा. तिनं त्यात हात घालून पाहिला, मग आडवी झाली. उठली तेव्हा छातीपासून गुडघ्यापर्यंत राखेनं काळी झाली होती. गोटा पुढं ठेवून ती निघाली, हलगी पुन्हा वाजू लागली, आणि माणसं दरड चढून गेली.

नवस फिटला. बऱ्याच वेळानं तानुबाई परत आली तेव्हा सांबप्पा पाण्यात पाय सोडून लहान लेकरासारखा हुंदके देत होता. ती जवळ बसली, त्याचा पाय मांडीवर घेतला, कोरफडीचा गर लावला आणि धडुतं फाडून बांधू लागली. तिनं एका शब्दानं दोष दिला नाही. उलट जीव वाचला म्हणून दोनदा महादेवाचं नाव घेतलं. सांबप्पा म्हणाला, मावशी, माझ्या हातून घडता घडता राहिलं. ती म्हणाली, घडलं न्हाई ना, झालं तर मग.

पट्टी गुंडाळता गुंडाळता तिनं सहज विचारलं, "आप्पा, कालच्या आदी मुक्काम कुठं कुठं हुता?"

त्यानं सांगितलं. पाथरीच्या अंगापासून निघालो, काठाकाठानं चार ठिकाणी झोपलो.

"तिथंबी आसंच झाकून आलास?"

त्यानं होय म्हणून मान हलवली.

तानुबाईचे हात पट्टीवरच थांबले. "इथं तू मागारी आलास. मंग तिथं मागारी कोन गेलं?" ती म्हणाली.