बायजाची बरणी

गुणाजी दारूच्या थेंबाला कधी शिवला नाही. त्याच्या लेकाने, हैबतरावाने, शिमग्यातही कुणाला शिवू दिलं नाही. आणि हैबतरावाचा लेक दाजी तर ताडीवाल्याला अंगणातून वाटसुद्धा देत नसे. अशा दाजीची सून होऊन गिरजाबाई रोह्याजवळच्या वरसे गावात आल्या आणि घराण्याचा तो सोवळेपणा त्यांनी दागिन्यासारखा मिरवला.

त्या मिरवण्यातच त्यांच्या हातून विहिणीचा अपमान घडला होता. सून सरूचं डोहाळजेवण होतं. सरूची आई बायजा भर वैशाखात गागोद्याहून एसटीने करवंदांच्या सरबताची बरणी मांडीवर घेऊन आली. फडका सोडला, तसा फेस उसळला आणि आंबूस वास सुटला.

"लेकीच्या डोहाळजेवणाला दारू आणलीत?" गिरजाबाईंनी सगळ्या सवाष्णींदेखत विचारलं आणि बरणी मोरीत पालथी केली.

"साकर सोडून काय घातलं नाय मी," बायजा एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती लेकीला भेटायला येई, ओट्यावर टेके, पण वरशाचं पाणी तिने कधी तोंडाला लावलं नाही. बरणीही माळ्यावरच राहिली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत धाडायचं नसतं. आणि त्यात काय भरावं याचा विचार गिरजाबाईंनी टाळला.

त्याच डोहाळ्यांचा मुलगा जगन. रोह्याच्या कंपनीने त्याला बेल्जियमला शिकायला पाठवलं होतं. परतला तेव्हा त्याचं लग्न ठरलं होतं आणि सरूने सासूपाशी एकच गोष्ट मागितली होती, "माझी आई लेकाच्या लग्नात या घरी जेवायला हवी, आत्याबाई." गिरजाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्या दिवशी ओट्यावर पोह्याचे पापड लाटायला शेजारणी जमल्या होत्या. उन्हाने जीव कासावीस झालेला. गिरजाबाईंनी फ्रिज उघडला, तर जगनने आणलेली जाड काचेची बाटली. वर काळसर लाल फळांचं चित्र.

"करवंदाचं सरबत आणलंय पोराने," त्या म्हणाल्या. तार अडकित्त्याने सोडवली, तसं बूच फट्टकन उडून पापडांत पडलं. फेस वर आला.

"अगो बाय, ह्याला फेस येतो!" सगुणा दचकली.

"सोडा असतो त्यात. परदेशातली माणसं सोड्याशिवाय काही पीत नाहीत."

स्टीलच्या फुलपात्रांत लाल सरबत उतरलं. पहिल्या घोटाला दात आंबले, कानशिलं आखडली. मग करवंदाचा चीक जिभेला बसावा तसा तुरटपणा आला. मागून ओल्या लाकडाचा, गोठ्यातल्या गवताचा वास. आणि अगदी शेवटी, हळूच, फळ. गिरजाबाईंनी डोळे मिटले. फुलपात्र रिकामं झालं, तेव्हा त्यांनी आतून बोट फिरवून तेही चाटलं.

इतक्यात जगन शिफ्टवरून आला. बाटली पाहून उंबऱ्यातच थबकला.

"आजी, ही बियर होती गं! मित्रांसाठी आणली होती."

ओट्यावरची लाटणी थांबली. मग सगुणाला हसू आवरेना. ती डोहाळजेवणालाही होती. "काकी, बायजाचं मोरीत ओतलंत, नि हे मात्र बोट फिरवून पुसलंत!"

सगळ्या हसल्या. सरू हसली नाही. ती मान खाली घालून पापड उचलत राहिली. ते गिरजाबाईंना हसण्याहून जास्त लागलं.

"काय घालतात रे ह्यात?" त्यांनी कोरड्या आवाजात विचारलं.

"आंबवायला वेगळं काहीच नाही. धान्याचा काढा रात्रभर उघड्यावर निवत ठेवतात. हवेतलं काहीतरी त्यात उतरतं नि आपसूक आंबतं. मग लाकडी पिंपात चेरी घालून मुरवतात."

"कुणी मुद्दाम काही न घालता?"

"हवाच करते सगळं."

गिरजाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. वैशाखातली एसटी, मांडीवरची बरणी, फडक्याखाली कोंडलेली ऊब. बायजा खरंच बोलली होती. तीन पिढ्यांचा आब राखायला त्यांनी एका आईला खोटं पाडलं होतं, तेही तिच्या लेकीदेखत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून बरणी काढली, स्वतः घासली आणि करवंदांचा पाक करून गळ्यापर्यंत भरली. सरूला बरोबर घेतलं आणि सगुणाला हाक मारली, "चल. तेव्हा होतीस, आताही हवीस."

पेण मागे टाकून गाडी गागोद्यात शिरली. बायजा ओट्यावर डाळ पाखडत होती. बरणी ओळखून तिचं सूप थांबलं.

"विहीणबाई, तुम्ही खरं सांगितलं होतंत," गिरजाबाई अंगणातच उभ्या राहून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "दारू नव्हती ती. काल मी खरी दारू प्यायले, आणि आवडीने प्यायले. तुमचा अपमान केला, त्याची आज मला लाज वाटते."

"काकीनं बोट पन चाटलं गो!" सगुणा मागून म्हणाली.

बायजाच्या तोंडाला पदर गेला. हसली की रडली, कळलं नाही. मग तिने बरणीत बोट बुडवून चाखलं.

"साकर कमी हाय," ती म्हणाली. "नि नुसत्या पाकाचं सरबत व्हतंय का? पानी हाय का वरशाचं?"

सरूने झटकन पिशवीतून घरून भरून आणलेली बाटली काढली. बायजाने पेल्यात पाक घातला, वरशाचं पाणी ओतलं, ढवळलं आणि सगळ्यांदेखत एका दमात पिऊन पेला ओट्यावर पालथा ठेवला. खाली एक थेंबही पडला नाही.