मात्र्योनाच्या बाटलीतलं स्पिरिट

बायको मात्र्योना गेल्यापासून स्पिरिदोनला काही म्हणजे काहीच वाटत नव्हतं. हाच माणूस पूर्वी साहेबाच्या फरच्या टोपीत गोठलेला मासा सरकवून शेजारी साळसूद उभा राहायचा. शनिवारी तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला लोक रडले, प्यायले, चुलीतल्या विस्तवाला घोटभर पाजून तिचं नाव घेतलं. हा आपला घोड्याचं मटण चावत बसला होता. चवही लागत नव्हती.

सोमवारी तो गॅसलाइनच्या प्रयोगशाळेत कामावर आला. बाहेर उणे बावन्न. फोरमन प्रोकोपी आधीच येऊन बसलेला, मिशीवरचा बर्फ वितळून शर्टावर ठिबकत होता.

"लवकर तपासून शिक्का ठोक बाबा. खातिनच्या फाट्यावरचा गॅसच्या पाइपचा टी चिरलाय. अख्खं गाव गारठलंय."

खातिनला स्पिरिदोनची लेक वार्या राहायची, तान्ह्या पोरीला घेऊन. सकाळीच तिचा फोन आला होता. "बाबा, गोठ्याच्या फळ्या जाळतोय. संध्याकाळपर्यंत पुरतील." त्यावर तो नुसतं "बरं" म्हणाला होता.

गोदामात तसा टी, म्हणजे पाइपचा तीन तोंडांचा जोड, एकच उरलेला, आणि तो थंडीत टिकेल याचा भरवसा नव्हता. पोलादाचं माणसासारखंच असतं. थंडीत काही वाकतं, काही मुकाट्यानं तुटतं. म्हणून टीबरोबर त्याच पोलादाची पट्टी येते. तिचे बोटाएवढे तुकडे कापायचे, खाच पाडायची, स्पिरिटमध्ये सुका बर्फ टाकून त्यात उणे साठला गार करायचे आणि लंबकाचा हातोडा सोडायचा.

स्पिरिदोननं चिमट्यानं तुकडा ठेवला, हातोडा सोडला. धप्प. तुकडा वाकला, जेमतेम फाटला, आत मळकट करडा. दुसराही तसाच.

"पास, भावजी," अकुलिना म्हणाली. ती प्रयोगशाळेची प्रमुख, आणि मात्र्योनाची धाकटी बहीण.

प्रोकोपीनं टोपी चढवलीसुद्धा. स्पिरिदोन मात्र चिमट्याकडे बघत राहिला. चिमट्याला बर्फाची साल आली होती. स्पिरिट काही असं गोठत नाही. भांड्यात डोकावला तर आत लापशी. त्यानं बोट बुडवून चाटलं.

"यात पाणी आहे."

प्रोकोपी छताकडे बघायला लागला.

"शनिवारी दारू संपली, भावजी," अकुलिना हळूच म्हणाली. "दुकानं बंद. लोकांना ताईसाठी अजून एकेक घोट हवा होता. तुम्हाला कुठं सांगत बसायचं, म्हणून मीच इथलं नेलं. वर पाणी ओतलं. नेहमी थोडंथोडं ओततोच ना आपण?"

"थर्मामीटर साठ दाखवतंय की," प्रोकोपी म्हणाला.

"ते सुक्या बर्फाच्या ढेकळाला टेकलंय. तुकडा चाळिसालाही पोचला नसेल."

"अरे, तुझी नात तिथं कुडकुडतेय आणि तू पाण्याचं रडगाणं गातोयस."

"टी तिच्याच खिडकीखाली बसणार आहे," स्पिरिदोन म्हणाला. आवाजात ना राग, ना काळजी.

दुसरं स्पिरिट शहरातून यायला गुरुवार उजाडणार. तो उठला, घरी गेला. कपाटात तळाशी, जुन्या मोज्यात गुंडाळलेली एक बाटली होती. त्याचे गुडघे चोळायला मात्र्योना ती जपून ठेवायची. कुणाला वासही लागू द्यायची नाही. तो घेऊन आला, भांडं धुतलं आणि बाटली त्यात उपडी केली. सुका बर्फ टाकून नवा तुकडा उणे साठला गार केला.

या खेपेला हातोड्याला मधे काही होतं हे कळलंसुद्धा नाही. काच फुटल्यासारखा आवाज झाला. दोन तुकडे भिंतीवर आदळले. आतून साखरेसारखे चकचकीत.

प्रोकोपीनं टोपी काढली. "मग आता?"

"आपल्या बॉयलरच्या लाइनचा टी काढ. कितीतरी हिवाळे पचवलेत त्यानं."

"आणि इथं काय जाळायचं?"

"तुझी मिशी."

हे बोलतानाही त्याचा चेहरा दगडच.

संध्याकाळी वार्याचा फोन आला. "बाबा, पाइप तापले. पोरगी झोपली."

"बरं."

प्रयोगशाळेत आता तोंडातून वाफा निघत होत्या. निघताना स्पिरिदोनचा हात जुन्या खोड्यांच्या सवयीनं शिक्क्याच्या निळ्या शाईकडे गेला. शाईची अर्धी बाटली त्यानं भांड्यातल्या स्पिरिटमध्ये ओतली आणि दिवा मालवला.

सकाळी प्रोकोपी आला तो ओठ घट्ट मिटून. खातिनहून रात्री परतताना गारठलेला गडी थेट इथंच शिरला असणार.

"टी नीट बसला?" अकुलिनानं विचारलं.

मान हलली.

"गळती बघितलीस?"

पुन्हा मान.

"दाब किती आहे?"

आता काय हलवणार? "चांगला आहे," प्रोकोपी म्हणाला. जीभ पार निळी. दातसुद्धा.

अकुलिना हसता हसता खाली बसली. तिचे डोळे वाहायला लागले आणि मग थांबेचनात.

"ते मात्र्योनाचं होतं," स्पिरिदोन म्हणाला. "गुडघ्यांना लावायचं."

प्रोकोपीनं जरा विचार केला. "तरीच. रात्रीपासून माझे दुखायचे थांबलेत."

स्पिरिदोनच्या ओठाचा एक कोपरा हलला. थंडीनंही हलला असेल.