वस्तादांची अस्वलचाल

माझ्या नवऱ्याला त्याच्याच चेल्यांनी लुळा करून ठेवायचा विडा उचललाय, असं मला त्या दिवसांत वाटायचं. आणि वाटायचं म्हणजे नुसतं मनात नाही, मी ते तोंडावर म्हणायचे. त्यांना काही फरक पडत नव्हता.

आमचे हे म्हणजे बाळासो वस्ताद. गल्लीच्या टोकाला आमच्या पेठेची तालीम आहे, तिथं यांनी सगळी उमर पोरं घडवण्यात घालवली. श्रावणात अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय गेला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पहिल्या काही महिन्यांत जे परत येईल ते येईल, पुढं फार अवघड. म्हणजे या माणसाला परत चालायचं असेल तर आत्ताच, नाहीतर जन्मभर खाट.

व्यायाम करून घ्यायला हुपरीहून मोना यायची. फिजिओथेरपीची पोरगी, बोलायला गोड, कामाला कडक. पहिल्याच दिवशी तिनं सतरंजी अंथरायला लावली आणि म्हणाली, "काका, उभं राहायचं शेवटी. आधी मगरीसारखं पोटावर सरकायचं, मग अस्वलासारखं चार पायांवर चालायचं, मग गुडघ्यावर."

हे हसले. झटका आल्यापासून पहिल्यांदा हसले. "पोरी, मगर न् अस्वलावरच तर माझी तालीम चालतीया!"

खोटं नव्हतं ते. कुस्तीत खांदे, कंबर, मनगट मजबूत व्हावं म्हणून हे पोरांना आखाड्याच्या हौदातल्या तांबड्या मातीत अस्वलासारखं फिरवायचे, खेकड्यासारखं उलटं चालवायचे, बेडूकउड्या मारायला लावायचे. मी हे ऐकून होते. बघितलं कधीच नव्हतं, कारण आमच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत बायका जात नाहीत. कुणी पाटी लावलेली नाही, पण जात नाहीत.

मला वाटलं, चला, यांच्याच अंगवळणी पडलेलं काम आहे, हा माणूस पटकन उभा राहील. कसलं काय!

सकाळी मी सतरंजी अंथरली की दारात धैर्यशील हजर. हा यांचा थोरला चेला, रेड्यासारखं अंग, मागं आणखी तिघं-चौघं. "वस्ताद, तुमी कशाला तरास घेताय? आमी मेलाव काय?" असं म्हणत यांना उचलायचे आणि खुर्चीत बसवायचे. मोरीपर्यंत उचलून, खाटेपर्यंत उचलून, संध्याकाळी तर खुर्चीसकट खांद्यावर घेऊन तालमीत. गल्लीतली माणसं हात जोडायची. वस्तादाच्या पायाला जमीन लागू द्यायची नाही, याला ती पोरं गुरुभक्ती म्हणत होती. आणि खुराक! तुपात निथळणारा शिरा, बदामाची थंडाई, रविवारी मटण आणि पांढऱ्या रश्श्याचा डबा. रक्तदाबानं आडव्या झालेल्या माणसाला! मी डबा परत केला तर धैर्यशील मलाच शिकवायचा, "काकी, पैलवानाचं अंग खुराकाबिगर उठत न्हाय." तळपायाची आग मस्तकाला जायची माझ्या. मोना घड्याळ बघत बसायची आणि तशीच परत जायची.

एक दिवस मी दाराला आतून कडी घातली. यांना म्हटलं, आज सबब नाही. मोनानं आणि मी मिळून यांना सतरंजीवर पालथं केलं, चार पायांवर आणलं. डावा हात थरथरत होता, मोनानं कोपर धरून ठेवलं होतं. यांनी तोंड भिंतीकडं केलं, दात आवळले, उजवा हात पुढं टाकला आणि मग डावा गुडघा ओढून आणला. आला. खरंच आला! माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आणखी थोडं पुढं सरकले असतील, तेवढ्यात खिडकीतून धैर्यशीलची आरोळी आली.

"वस्ताद पडलं रं!"

मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत कडी उचकटली होती. चौघांनी यांना अलगद उचलून खाटेवर ठेवलं, चादर घातली, वर पाय चेपायला बसले. मोना रडकुंडीला आली. मी घरातला झाडू उचलला आणि एकेकाला अक्षरशः हाकललं. आयुष्यात मी कधी इतकी ओरडले नव्हते.

एवढ्यानंही माझं समाधान झालं नाही. तशीच तालमीपर्यंत गेले आणि उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "धैर्यशील, बाहेर ये! माझ्या नवऱ्याला अपंग करायची सुपारी घेतलीयस काय?"

तो आला. मान खाली.

"काकी, आमच्यावर कशाला चिडतायसा? वस्तादच फोन करत्यात की. मोनाताई आली की लगीच फोन येतोय, या म्हणून. आजबी आलता. वस्तादाचा शब्द मोडायचा कसा?"

मी रागानं तशीच घरी परतले. ज्याच्यासाठी मी जगाशी भांडत होते, तोच मला फसवत होता.

यांच्या उशीखाली हात घातला. फोन होता.

"तुम्ही बोलावता त्यांना?"

"व्हय."

"चालायचं नाही तुम्हाला? जन्मभर दुसऱ्याच्या खांद्यावर फिरायचंय?"

हे छताकडं बघत म्हणाले, "पोरांम्होरं रांगायची लाज न्हाय मला. त्यांच्या वयाचा असल्यापास्नं मी मातीत रांगलोय. पर तू मला कधी तसं बघितलं न्हाईस, वर्षा. तू बघितलंस ते अंघोळ करून, फेटा बांधून घरी आल्याला. तुझ्याम्होरं मला रांगायचं न्हाय."

"आणि लघवीचं भांडं कोण देतंय इतके दिवस? अंग कोण पुसतंय? ते बघितलेलं चालतं?"

"ते आजारपण हाय. त्यात मी न्हाय. रांगायचं झालं तर ते मला स्वतःला करायला लागतंय. ते मी हाय."

काय म्हणायचं या माणसाला? मला त्यांच्या तोंडावर उशी फेकावीशी वाटली. संसार केला, घाण काढली, आणि त्यांच्या धडपडीकडं बघायचा हक्क मला सोडून सगळ्यांना. मी विचारलं, "मोना तर बघते."

"ती डाक्टरीण हाय. तू बायको हाईस."

मी संध्याकाळी धैर्यशीलला बोलावून घेतलं. म्हटलं, घेऊन जा तुमच्या वस्तादाला रोज सकाळी. पण खुर्चीत बसवायचं नाही. मातीत पालथं घालायचं, मोनाला डॉक्टरीण म्हणून आत घ्यायचं आणि ती सांगेल ते करून घ्यायचं. कुणी हात लावून उचललं तर त्याचा हात मोडीन. तो "व्हय काकी" म्हणाला, आणि त्यानं ते पाळलं, हे मात्र खरं.

त्या दिवसापासून मी सकाळी तालमीच्या पायरीवर बसायचे, रस्त्याकडं तोंड करून. आतून मोनाचा आवाज यायचा, पोरांच्या आरोळ्या यायच्या. "अस्वल हाललं! शाब्बास वस्ताद!" हे खेकसायचे, शिव्या घालायचे, एकदा हसलेसुद्धा. मला बरं वाटायचं आणि तेवढाच संताप यायचा. मोना आत जाताना-येताना माझ्याकडं बघायचं टाळायची.

दिवाळी होऊन गेली. एका सकाळी आरोळ्या थांबल्या आणि आत एकदम शांत झालं. मी उठून उभी राहिले. हे दारात आले. काठी उजव्या हातात, गुडघे-कोपरं मातीनं लाल, डोक्याला फेटा, आणि माझ्यासाठी तयार ठेवलेलं हसू.

मागं पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला, का नाही होणार? पण त्याच्याआधी राग वर आला. या माणसानं मला परत फेट्यातलाच वस्ताद दाखवला होता.

त्यांनी आधारासाठी हात पुढं केला. मी धरला नाही. "घर सरळ रस्त्यावर आहे, या चालत," म्हटलं आणि पुढं निघाले.

मागं काठीचा आवाज, मग ओढत येणारा पाय. मी वळून बघितलं नाही. बघायला नको होतं ना, मग नाही बघत. काठी थांबायची, परत सुरू व्हायची. एकदा धपकन आवाज आला. ओट्यांवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. धैर्यशील धावला असावा, कारण हे ओरडले, "हात लावू नगंस!"

मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता आणि गल्लीच्या फरशीवर तळहात टेकल्याचा आवाज.

"वर्षा," यांनी हाक मारली. "अगं, थांब की. बघ की हिकडं."

"आता कशाला?" मी म्हणाले. पण वळले.

भर गल्लीत हे चार पायांवर होते. माझ्याकडं बघत, एकेक हात पुढं टाकत येत होते.