नकाशावरची झिपरी

झिपरी दिसायला काही फार देखणी नव्हती. डोळ्यांवर केस, एक कान उभा, एक पडलेला, आणि अंगाचा रंग जुन्या पायपुसण्यासारखा. पण घरात तिचा रुबाब असा, की सोफा तिचा आणि बाकीचे पाहुणे.

बाकीचे म्हणजे दोघीच, आई आणि मुलगी. मुलगी एका छोट्या कंपनीत डिझायनर होती. मोबाइलच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे असावं, त्यावर काय लिहावं, माणसाचं बोट आधी कुठे जाईल, याचा दिवसभर विचार करणं हे तिचं काम. आईला आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं, दोन जिने उतरणं तर बंदच. सकाळी मुलगी झिपरीला कशीबशी बाहेर नेऊन आणायची. दुपारी मात्र झिपरी दाराशी बसून कुईकुई करायची आणि तिच्याकडे बघून आईचे डोळे भरायचे.

अशात कंपनीनं कुत्री फिरवायच्या ॲपचं काम घेतलं. ज्याला वेळ नाही त्यानं ॲपवरून माणूस बोलवायचा; तो कुत्र्याला तासभर फिरवून आणणार, आणि मालकाला ते सगळं नकाशावर दिसणार. सुरुवातीला नकाशावर नुसता निळा ठिपका होता. डिझायनर म्हणाली, "ठिपक्याकडे कोण बघत बसेल? तिथे कुत्र्याचा फोटो टाकू या." कंपनीच्या सरांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी त्याच दिवशी ती तीन जणांना स्वतःची म्हणून सांगितली.

ठिपका खरा तर फिरवणाऱ्याच्या फोनचा होता. कुत्र्याच्या गळ्यात यंत्र बांधायचं तर खर्च वाढला असता. पण माणूस आणि कुत्रं एका पट्ट्याच्या दोन टोकांना असतात, तेव्हा फरक कसला पडणार, असं सगळ्यांनाच वाटलं. तिलाही.

चाचणीसाठी तिनं आपलंच घर दिलं. झिपरीला फिरवायला एक रिटायर झालेले पोस्टमन काका यायला लागले. पहिल्या दिवशी ते आईला म्हणाले, "आयुष्यभर कुत्री माझ्यामागे धावली. आता म्हटलं, जरा त्यांच्या बरोबरीनं चालावं." आई तोंडाला पदर लावून हसली. झटक्यानंतर ती तशी हसलेली मुलीनं पाहिलंच नव्हतं.

मग आईला दुपारचा छंदच जडला. काका झिपरीला घेऊन गेले की ती फोन मांडीवर ठेवून बसायची. नकाशाच्या गल्ल्यांमधून झिपरीचं झिपरं तोंड सरकत जायचं आणि आई डाव्या हाताच्या बोटानं त्याच्यामागे जायची. "आता बागेत... आता पुलावर..." संध्याकाळी मुलगी घरी आली की आई तिला सगळा प्रवास तुकड्यातुकड्यांनी सांगायची. बोलायचा सराव आपसूक होत होता. डॉक्टरही खूश होते.

एका दुपारी डिझायनर ऑफिसात असताना आईचा फोन आला. स्वतःहून फोन लावणं आईला अवघड जायचं, म्हणून तिनं घाईनं उचलला.

"अगं... बघ ना," आई हसत होती. "आज... किती धावतेय! या गल्लीत... त्या गल्लीत. काकांची... दमछाक!"

मुलीनं आपल्या पडद्यावर नकाशा उघडला. खरंच, झिपरीचा फोटो वेड्यासारखा पळत होता. एका रस्त्यानं वर, लगेच मागे, चौकात थांबला, पुन्हा दुसरीकडे. तिलाही क्षणभर हसू आलं. तेवढ्यात काकांचा फोन यायला लागला.

"ताई..." काकांना धाप लागली होती. "ट्रकचं टायर फुटलं हो, अगदी शेजारी. एवढा मोठा आवाज झाला. तिनं असा हिसका दिला की पट्टा हातातून सुटला. मी शोधतोय. सगळीकडे शोधतोय. कुठे दिसत नाहीये."

पडद्यावर झिपरी पळत होती. म्हणजे काका पळत होते. आणि तिकडे आई कौतुकानं हसत होती.

"आईला सांगू का?" काकांनी विचारलं.

"नको, अजिबात नको. ती जिना उतरायला लागेल. मी येते."

ती उठली आणि तिला आठवलं. फिरवणारे लोक फेरी संपवायचं बटण दाबायला विसरायचे आणि मालक काळजी करत बसायचे. म्हणून तास झाला की ॲपनं आपणहून फेरी संपवायची, असं तिनंच ठरवलं होतं. फेरी संपली की मालकाला जाणारा निरोपही तिनंच लिहिला होता.

ती प्रोग्रामरच्या टेबलाकडे धावली. त्याला सगळे दाढी म्हणत. "दाढी, आमच्या घरचा निरोप थांबव. आत्ताच्या आत्ता."

त्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "थांबवता येतो गं. पण चाचणीचा पासवर्ड सरांकडे आहे."

"मग फोन लाव!"

"सर विमानात आहेत."

तरी त्यानं फोन लावला. बंद. 'कुत्रं हरवलं' असं कळवायला ॲपमध्ये कुठेच जागा नव्हती. कौतुक करायला पाच तारे होते, फोटो पाठवायला बटण होतं, काकांना चहापाण्यासाठी बक्षीस द्यायचीही सोय होती.

ती रिक्षात बसली. वाटेत सिग्नलवर गाड्या तुंबलेल्या. ती रिक्षावाल्याला सारखी म्हणत होती, "जरा लवकर, दादा," आणि तो म्हणत होता, "ताई, उडवू का आता हिला?" तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. निरोप तिलाही येत असे. 'झिपरी सुखरूप घरी पोचली. तिला पाणी द्या.'

ती जिना चढून वर गेली तेव्हा दार सताड उघडं होतं. आई भिंतीला टेकून उंबऱ्याशी उभी होती. डाव्या हातात पाण्याचं भांडं. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलेलं. इतकं अंतर ती एकटी चालली नव्हती कित्येक महिन्यांत.

"आली... म्हणतंय," आई म्हणाली आणि मुलीच्या पाठीमागे बघायला लागली. "कुठंय?"

"आई, तू आधी बस."

"खाली... आहे का? काकांबरोबर?"

"आई, झिपरी सुटली. काका शोधतायत."

आईनं मानेनं खुर्चीवरचा फोन दाखवला. "हे बघ. आली म्हणतंय."

"ते चुकीचं आहे गं."

"तू... केलंयस ना हे?" आईनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. मुलीनं केलेलं चुकीचं कसं असेल, एवढंच तिला समजत नव्हतं. मुलीनं आईच्या हातातलं भांडं घेतलं आणि तिला धरून आत नेलं.

पुढचे आठवडे शोधण्यात गेले. 'झिपरी हरवली' म्हणून भिंतींवर चिकटवलेल्या कागदांवर दुसरे कागद आले. काका रोज दुपारी बाहेर पडायचे. त्यांना जाऊ नका म्हणण्याचा मुलीला धीर झाला नाही, जा म्हणण्याचाही नाही. ऑफिसात तिनं नकाशावरचा फोटो काढून टाकायचा हट्ट धरला. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वाईट झालं," ते म्हणाले, "पण फोटोच तर लोकांना आवडतोय." ॲप फोटोसकट बाजारात आलं. आई पुन्हा गप्प झाली. व्यायाम सांगितला तेवढा करी, विचारलं तेवढं बोले.

मग शहराबाहेरच्या एका प्राण्यांच्या निवाऱ्यातून फोन आला. अशीच कुत्री सापडलीय, येऊन बघा. मुलीनं शेजाऱ्यांच्या मदतीनं आईला खाली उतरवलं, भाड्याच्या गाडीत बसवलं. वाटभर आई खिडकीबाहेर बघत होती आणि तिची बोटं गुडघ्यावर वळवळत होती.

कुत्री तशीच होती. केस तसेच, रंगही तोच. पण दोन्ही कान पडलेले. ती जाळीतून नाक बाहेर काढून आईची बोटं चाटायला लागली. आईनं हात मागे घेतला नाही. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"ही... नाही," शेवटी म्हणाली.

निवाऱ्यातल्या बाईंनी हळूच विचारलं, "हिला न्यायचा विचार आहे का? हिलाही कोणी नाहीये."

मुलीनं आईकडे बघितलं. आई मुलीकडे बघत होती. सांग म्हणून.

"कळवतो आम्ही," मुलगी म्हणाली.

परतताना काकांचा फोन आला. "तीच होती का हो, ताई?"

"नाही, काका."

काका म्हणाले, "बरं. उद्या कारखान्याच्या मागची बाजू बघतो. तिकडे अजून गेलो नाहीये."

"बघा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? शेजारी आईचा डोळा लागला होता. तिची मान गाडीच्या हिसक्यांनी हलत होती, म्हणून मुलीनं तिच्या डोक्याखाली आपला हात धरला.