बावीस नावं

उरुग्वेतल्या पायसान्दूच्या फुटबॉल मैदानावर समालोचकांच्या खोलीला लोखंडी शिडी होती. तिच्यावरून हेबेर ओलास्कोआगा घसरला आणि त्याचं डोकं सिमेंटवर आपटलं. कवटी शाबूत राहिली, पण मेंदूला हादरा बसला. एकतीस वर्षं रेडिओवर एका दमात बावीस खेळाडूंची नावं घेणाऱ्या माणसाच्या आता बायकोने सांगितलेल्या तीन वस्तू दुकानापर्यंतही लक्षात राहीनात.

डॉक्टरांनी त्याला नोएलियाकडे धाडलं. मेंदूला मार बसलेल्यांकडून ती स्मरणाचा सराव करून घ्यायची. वय सत्तावीस, समोर चित्रांचे पत्ते.

"सफरचंद, हातोडा, बदक," हेबेर म्हणाला. "हे शिकायला तू मोंतेविदेओला पाच वर्षं घालवलीस?"

"सहा. चौथं चित्र कुठलं होतं, सेन्योर हेबेर?"

चौथं त्याला आठवेना. चित्रच भिकार काढलंय, असं त्याने ठणकावलं.

तिने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. "पुष्कळसं भरून येईल. सगळं येईल असं मी म्हणणार नाही. आहे त्या डोक्याने काम कसं काढायचं, ते आपण इथे शिकू. थोडं काम, मग विसावा. एका वेळी एकच गोष्ट. आणि लिहून ठेवायचं."

"ही पोरगी मला कारकून करणार," तो घरी बायकोला, नेल्लीला म्हणाला.

मग त्याने फोनवर मेंदूच्या व्यायामाचा खेळ विकत घेतला. सहा आठवड्यांत मेंदू पूर्ववत, अशी जाहिरात होती. सहा आठवड्यांत तो चाळिसाव्या पातळीवर पोचला आणि फोन नोएलियाच्या नाकासमोर धरला.

"छान," ती म्हणाली. "या खेळात तुम्ही तरबेज झालात. पण त्याने सामन्यातली नावं आठवतील, असं मला म्हणता येत नाही."

"पोटात दुखतंय तुझ्या."

रविवारी तो मैदानावर गेलाच. सोबतीचा समालोचक विल्मार म्हणाला, "नावं कागदावर देऊ का?"

"बालवाडीत आलोय का मी?"

वीस मिनिटं झकास गेली. मग ढोल वाजू लागले, दिव्यांचा प्रकाश डोळ्यांत घुसला, कॉर्नरवरून गोल झाला आणि गोल करणाऱ्याचं नावच सापडेना. रेडिओवर चार सेकंद शांतता. शेवटी हेबेरने नाव घेतलं ते नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या खेळाडूचं. विल्मारने हळूच माइक स्वतःकडे ओढला. नंतर कोणी हसलं नाही. सगळे त्याच्याशी गोड बोलले. ते त्याला सगळ्यात किळसवाणं वाटलं.

मंगळवारी तो वेळेआधीच नोएलियासमोर जाऊन बसला. "घे. खरं ठरलं तुझं."

"मला ते नको होतं," ती म्हणाली. "नावं सोडा. रेडिओवर आणखी काय छान जमायचं तुम्हाला?"

हेबेर म्हणाला, "शिवी न देता अब्रू काढणं."

त्यांनी त्याचाच सराव केला. काळा चष्मा, कागदावर तीन मुद्दे, दहा मिनिटं बोलणं.

ऑक्टोबरपासून हेबेर फक्त मध्यंतरात बोलतो. "पाहुण्यांचा बचाव पाहिला? यांना घराचं दार लावायला सांगितलं तर खिडकी उघडतील." लोक तेवढ्यासाठी रेडिओ मोठा करतात. पूर्ण सामना त्याला पुन्हा कधी जमला नाही आणि जमेल असं नोएलियाही म्हणत नाही.

उत्तरार्ध सुरू झाला की नेल्ली त्याला गाडीतून घरी आणते. परवा वाटेत रेडिओवर विल्मार बोलत होता.

"बंद कर," हेबेर म्हणाला. "गाढव प्रत्येक पासला सुंदर म्हणतो."

तिने बंद केला. कपाळ ठणकू लागलंय, हे काही त्याने तिला सांगितलं नाही.