जॉबकार्डावर माझं नाव

प्रतापराव माझ्या दारात उभे दिसले तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! हातात कचोरीचा पुडा, तोंडात साखर. आठ महिन्यांपूर्वी ह्याच माणसाने इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या सर्व्हिस सेंटरमध्ये, सगळ्यांसमोर माझी टूलकिट उचलून गेटबाहेर ठेवली होती.

कारण काय, तर चावी! इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी उघडायची तर आधी करंट तोडायचा, तिथे आपलं कुलूप लावायचं आणि चावी आपल्याच खिशात ठेवायची. मागून कुणी चुकून करंट जोडला तर काम करणारा जागेवर खलास. प्रतापरावांना मात्र गाड्या फटाफट बाहेर काढायची घाई. "मैत्रीजी, चावी माझ्या टेबलावर ठेवत जा. मॅनेजर मी आहे." मी म्हटलं, जमणार नाही. "तुमचे आजोबा महूला फौजेत होते, तो रुबाब घरी दाखवा," म्हणाले आणि काढूनच टाकलं. आई दोन दिवस धड जेवली नाही. ह्या माणसाला मी रडवणार, हे तेव्हाच ठरवलं.

आता ते माझ्या घरी बसून गयावया करत होते. "सोमवारी कंपनीचे इन्स्पेक्टर येतायत. ट्रेनिंग झालेला टेक्निशियन नसला तर सेंटर बंद करतील. अख्खं इंदूर पालथं घातलं, देवास-उज्जैन झालं. पेट्रोलवाले मेकॅनिक हवे तेवढे मिळतात, बॅटरीवाला एक नाही. बस, एक दिवस येऊन उभ्या राहा."

"मग आठ महिने बॅटऱ्या कोण उघडत होतं?"

ते पुड्याची दोरी सोडायला लागले. "तुकोजी. हात चांगला आहे हो त्यांचा. फक्त प्रत्येक गाडीच्या जॉबकार्डावर काम करणाऱ्याच्या जागी नाव तुमचं टाकायचो. कंपनीकडे तुमचा आयडी चालूच होता ना."

माझं डोकंच फिरलं. जन्मभर पेट्रोल गाड्यांचे कार्ब्युरेटर साफ केलेले तुकोजी चारशे व्होल्टमध्ये हात घालतायत आणि खाली नाव माझं! उद्या कुणी जळून मेलं असतं तर पोलीस माझ्याच दारात आले असते. मी हसले आणि म्हटलं, "येते की."

सोमवारी कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेले. "ही आमची मैत्री, सेंटरची शान!" प्रतापरावांनी ओळख करून दिली. शान म्हणे! कोपऱ्यात तुकोजी एक हात पाठीमागे धरून उभे होते. इन्स्पेक्टरनी कार्डांचा गठ्ठा पुढे सरकवला. "ही सगळी कामं तुम्हीच केलीत?"

त्यांच्या मागे प्रतापरावांनी हात जोडले. मी त्या जोडलेल्या हातांकडे पोटभर बघून घेतलं.

"एकही नाही. आठ महिन्यांपूर्वीच मला काढलंय. तुकोजी, हात दाखवा."

तुकोजींनी पाठीमागे लपवलेला उजवा हात पुढे केला. दोन बोटं भाजून काळी पडली होती आणि वर मळकी पट्टी होती. दुपारच्या आत सेंटरला सील लागलं.

गेटवर प्रतापरावांनी मला गाठलं. डोळे भरून आले होते. "सतरा माणसं काम करतात इथे. नुसतं हो म्हटलं असतंत तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "मला तुमचं बिघडवायचं होतं."

मग तुकोजींना स्कूटरवर मागे बसवलं आणि तुकोगंजच्या दवाखान्यात घेऊन गेले. वाटेत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.