कुटुंबातली माणसं : तीन

"यात मुलीचं नाव नाही," विमा कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली.

"नीट बघा. दर महिन्याला पाच तारखेच्या आत हप्ता भरते मी."

नोकरदारांचा आरोग्य विम्याचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. आम्ही पडलो इस्त्रीवाले, आमचं आम्ही आपण होऊन भरायचं. नाही भरलं तर कुणी विचारायला येत नाही, म्हणून तर जास्त जपावं लागतं. चार वर्षांत मी एक महिना चुकवला नव्हता. दुकानात आठवडाभर लाइट नव्हती, तेव्हासुद्धा नाही.

बाईनं मूळ अर्ज फिरवून माझ्यासमोर धरला. कुटुंबातली माणसं : तीन. मी, नवरा, सासरे. अक्षर मोत्यासारखं, म्हणजे सासऱ्यांचंच.

"पाच माणसांपर्यंत हप्ता तेवढाच असतो हो," ती म्हणाली. "चौथं नाव फुकटच होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझी लेक ठकी दहा वर्षांची आहे. तिच्या डाव्या कानातलं हाड आतून कुरतडत चाललंय, थांबलात तर कान जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गुरुवारी ऑपरेशन होतं. आणि नवीन नाव घातलं की सहा महिने काही मिळत नाही, असा नियम.

घरी आले तर सासरे वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेन्सिलनं खुणा करत बसलेले. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, आता फुकट तपासतात. घरातले सगळे अर्ज तेच भरतात. माझं अक्षर त्यांना बघवत नाही.

"बाबा, ठकीचं नाव कुठं गेलं?"

विसरलो म्हणाले असते, तर मी निम्मी शांत झाले असते. पण ते म्हणाले, "मीच नाही घातलं. चांगल्या धडधाकट पोरीचं नाव आजाराच्या कागदावर कशाला? नसती पीडा मागे लागायची."

"आणि माझं?"

"तुझं... घातलं की."

"वा! सुनेमागे पीडा लागली तर चालेल!"

"तसं नाही गं सूनबाई."

"मग कसं?"

त्यांनी पुन्हा लाल पेन्सिल उचलली. ठकी दारात उभी राहून उजवा कान आमच्याकडे करून ऐकत होती. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बाबांचं वय झालंय. वय काय माझं होत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांना घेऊन मी खिडकीवर गेले. बाईला दया आली असावी. तिनं दुरुस्तीचा फॉर्म पुढे सरकवला आणि हळूच म्हणाली, "नाव राहून गेल्याचं कारण लिहायचंय. अर्ज ज्यांनी भरला त्यांनी 'नजरचूक' लिहून सही केली, की सहा महिन्यांची अट लागत नाही. दुसरं काही लिहिलंत, तर माझ्या हातात काही नाही."

सासऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं. परत लावलं.

"नजरचूक माझ्या हातून होत नाही," ते म्हणाले. "मी ते नाव जाणूनबुजून गाळलंय. खोटं कसं लिहू?"

मागे रांग होती. असू दे. मी आवाज चढवला. "पडलो तरी नाक वर! बाबा, तुमच्या नाकापायी माझ्या पोरीचा कान जाणार आहे, कळतंय का? चार वर्षं मी उन्हातान्हात इथं उभी राहिले, ती काय तुमचं अक्षर मिरवायला?"

रांगेत कुणीतरी हसलं. सासऱ्यांचे कान लालबुंद झाले. त्यांनी वाकून 'नजरचूक' लिहिलं, खाली सही केली आणि कागद असा ढकलला, जणू तो हाताला भाजत होता. बाईनं शिक्का मारला. गुरुवारचा खर्च विम्यातून होईल, म्हणाली. मी तिचे आभार मानले. त्यांचे मानले नाहीत.

बाहेर पायऱ्यांवर ते थांबले.

"सूनबाई, आता नाव चढलं. तिला काही झालं तर?"

"व्हायचं ते झालंय! आणि तुमच्या कागदावर नाव नसताना झालंय!"

चोख उत्तर दिलं होतं मी. पण चार पावलं पुढे गेले नाही, तोच मनात आलं, नाव आज चढलं, आणि गुरुवारी तिला भूल देणार. वाटलं, मागे फिरावं आणि तो कागद परत मागून घ्यावा. या म्हाताऱ्यानं आपलं भूत माझ्या मानगुटीवर कधी बसवलं, कळलंच नाही. त्यांचा राग दोन दिवस येत होता. पण त्या क्षणी स्वतःचा जेवढा आला, तेवढा त्यांचाही आला नव्हता.